वर धरलेला हात

माझ्या थांबण्याबद्दल बरंच बोललं गेलं आहे. वाक्य अर्ध्यावर आणून मी थांबते, समोरच्याकडे बघते आणि मग उरलेलं वाक्य बोलते. टीव्हीवर इतकी वर्षं काढल्यावर एखादी लकब माणसाला चिकटतेच, तशी ही मला चिकटली. कुणी तिला शैली म्हणालं, कुणी संयम. मागे अभिनयाच्या एका शिबिरात एका मुलीनं पेन सरसावून विचारलं, "त्या वेळी तुम्ही मनात काय चालू ठेवता?" मी म्हटलं, "तोफ वाजून जायची वाट बघते." तिला वाटलं, मी उत्तर टाळतेय. मी खरंच सांगत होते, निदान अर्धं तरी.

प्रसिद्धीचं मला फारसं काही वाटत नाही, हेही लोकांना खरं वाटत नाही. त्यांना तो विनय वाटतो. मी विनयी वगैरे अजिबात नाही, माझ्याबरोबर काम केलेल्यांना विचारा. कारण निराळं आहे. ज्या एका प्रवेशामुळे मला टीव्हीचं दार उघडलं, तो प्रवेश मी केला की तो नुसताच घडून गेला, हे मला बरीच वर्षं ठरवता येत नव्हतं. आपलं आहे की नाही हेच माहीत नसेल, तर माणूस मिरवणार कशावर? मिरवलं नाही म्हणून बिघडलंही नाही. वेळेवर पोचायचं, पाठांतर चोख ठेवायचं, दुसऱ्याच्या वाक्यावर बोलायचं नाही, चहाबद्दल तक्रार करायची नाही. एवढ्यावर माझं बरं चाललं. पण तो प्रवेश मनातून गेला नाही, आणि त्याचीच ही हकिकत आहे.

सत्तरच्या दशकात मी देवळाली कॅम्पातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ऑपरेटर, शिफ्टची नोकरी. आम्ही दोघंही कॅम्पातल्या एका हौशी नाट्यमंडळात होतो. मी कामं करायची, तो प्रॉम्प्टर. त्याला स्टेजवर यायची भयंकर लाज, पण नाटक त्याला सगळ्यांच्या आधी पाठ व्हायचं. विंगेत बसून तो आमच्याबरोबर नुसते ओठ हलवायचा. आवाज काढायची पाळी त्याच्यावर क्वचितच आली.

देवळालीत राहणाऱ्यांना तोफांचं काही वाटत नाही. तोफखान्याच्या मैदानावर सरावाचं फायरिंग सुरू झालं की मांडणीवरची भांडी किणकिणतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात, नवा पाहुणा दचकून उठतो आणि घरातलं माणूस शांतपणे त्याच्यापुढे चहा ठेवतं. शाळेत मी पाढे म्हणून घेत असताना बार झाला की मुलं आपोआप थांबायची आणि आवाज विरला की होती तिथून पुढे सुरू व्हायची. "सात चोक" एकीकडे, "अठ्ठावीस" दुसरीकडे आणि मध्ये तोफ. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

आमच्या तालमी बाजारामागच्या एका जुन्या हॉलमध्ये व्हायच्या. गोऱ्यांच्या काळातली बराकीसारखी इमारत, वर पत्रे, खाली लाकडी फळ्या. हॉल बाजारातल्या एका कापडवाल्या शेठजींचा. त्यांना नाटकाचं वेड नव्हतं, पण मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेवर आपलं नाव छापून येतं याचं अप्रूप होतं, म्हणून हॉल फुकट मिळायचा. संध्याकाळी शाळा सुटली, कुणाचं ऑफिस सुटलं, की आम्ही जमायचो आणि नेमकं त्याच सुमाराला बऱ्याचदा फायरिंग असायचं.

मंडळाचे दिग्दर्शक तोफखान्यातून निवृत्त झालेले एक हवालदार होते. मूळचे सिन्नरकडचे. लहानपणी गावच्या जत्रेत त्यांनी नाटकांतून बायकांची कामं केली होती, फौजेतही करमणुकीचे कार्यक्रम बसवले होते. आम्ही सगळे त्यांना हवालदारकाका म्हणायचो. तोफांनी त्यांचे कान नेले होते. मोठ्यानं ओरडलं तर एखादा शब्द पोचायचा, एरवी नाही.

"आमच्या दिग्दर्शकांना ऐकू येत नव्हतं." हे वाक्य पुढे मी बऱ्याच स्टेजांवरून बोलले आणि दर वेळी त्याला हशा मिळाला. तेव्हा मात्र आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. काका तालमीला आले की वहाणा दाराशी काढायचे आणि पुढे येऊन अनवाणी उभे राहायचे. नाटक त्यांना पाठ असायचं. आमच्या ओठांवरून कोण कुठे आहे ते त्यांना समजायचं, आणि उरलेलं सगळं ते चेहऱ्यावरून घ्यायचे. आवाज चढवून वेळ मारून नेणाऱ्या नटांची त्यांच्यापुढे डाळ शिजत नसे. "मला दिसू दे," एवढंच म्हणायचे.

तोफेचा बार झाला की फळ्या थरथरत. काकांच्या पायाला ते कळे आणि त्यांचा उजवा हात वर जाई. हात वर म्हणजे थांबा. बार एकटा येत नाही, मागोमाग आणखी येतात. ते सगळे संपेपर्यंत हात वर. हात खाली आला की पुढचा शब्द. सुरुवातीला आम्ही या वेळात पदर सारखा करत असू, कुणी नाक पुसत असे. काकांनी ते बंद करवलं.

"तोंड बंद झालं म्हणून माणूस मेलं का?" ते म्हणाले. "आवाज बंद, चेहरा चालू. लोकं बघत्यात ना."

म्हणून आम्ही तोंड बंद आणि चेहरा चालू ठेवून उभे राहायला शिकलो. रागात असलो तर तोफ संपेपर्यंत राग धरून ठेवायचा, रडत असलो तर रडं. हे वाटतं तितकं सोपं नाही. बोलताना शब्द आपल्याला ओढून नेतात, गप्प उभं राहिलं की आपल्याजवळ काय आहे आणि काय नाही ते उघडं पडतं.

त्या वर्षी स्पर्धेसाठी जे नाटक घेतलं होतं, ते एका घराचं होतं. थोरल्या दिराला घर विकायचं आहे आणि धाकट्याची विधवा नाही म्हणते. ती विधवा मी. दीर झालेला नट रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होता, भारदस्त आवाजाचा, स्वभावानं गरीब. तिसऱ्या अंकात ती शेवटी हार मानते. "विका घर," म्हणते. नंतर थोडं थांबून, "मला विचारू नका." नाटकातली तीच मुख्य जागा.

स्पर्धेच्या थोडं आधी शेठजी तालमीला आले, खुर्ची घेऊन बसले आणि जाताना सांगून गेले की या खेपेला तुमचं नाटक अंतिम फेरीत गेलं नाही, तर हॉल मी गोडाऊनला घेणार. त्यांनी हे अगदी गोड बोलून सांगितलं. बोलताना त्यांचं तोंड काकांकडे नव्हतं, म्हणून काकांना ते लिहून दाखवावं लागलं. त्यांनी वाचलं, कागद खिशात ठेवला आणि "दुसरा अंक" म्हणाले. पण तेव्हापासून ते तालमीला सगळ्यांच्या आधी येऊ लागले. मुलगा नाशिकरोडला वेगळा राहत होता, पेन्शन होती, शेत भावांकडे होतं. त्या हॉलशिवाय काकांना दिवसभरात जायला दुसरी जागा नव्हती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

प्राथमिक फेरी नाशिकला होती. ऐन त्या दिवशी एकलहऱ्यात माझ्या नवऱ्याच्या जागी येणारा माणूस आला नाही. वीज केंद्रात पुढचा माणूस आल्याशिवाय जागा सोडता येत नाही, मग घरी लग्न असो की नाटक. त्यानं फोन करून निरोप दिला आणि शहरातल्या दुसऱ्या एका मंडळाकडून आम्ही प्रॉम्प्टर उसना घेतला. चांगला अनुभवी गृहस्थ होता. त्यानं संहिता चाळली, चष्मा पुसला, "काळजी करू नका, एक शब्द पडू देणार नाही," म्हणाला. तो आमच्या एकाही तालमीला कधी बसलेला नव्हता, ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नाही.

पहिला अंक बरा गेला. दुसऱ्या अंकात दीर तावातावानं म्हणाला, "या घरानं आम्हाला काय दिलं..." आणि थांबला.

तालमीत त्या जागी नेहमी फायरिंग ऐन रंगात असायचं. महिनोन् महिने रोज त्याच वेळेला तालीम आणि त्याच वेळेला तोफा, त्यामुळे दुसऱ्या अंकातल्या ठराविक जागा थांबायच्याच होऊन बसल्या होत्या. नाटकात त्या लिहिलेल्या नव्हत्या. आम्हाला मात्र आता त्या नाटकाचाच भाग वाटत होत्या. दीर थांबला, मी थांबले, सासू झालेली बाई हातात तांब्या घेऊन थांबली. आवाज बंद, चेहरा चालू. नाट्यगृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. तोफ कुठली यायला, आम्ही देवळालीत नव्हतोच.

प्रॉम्प्टरला वाटलं, हा विसरला. त्यानं वाक्य सांगितलं. दीर जागचा हलला नाही, कारण तो तोफ संपायची वाट बघत होता. प्रॉम्प्टरनं आणखी मोठ्यानं सांगितलं. ते मागच्या रांगेपर्यंत गेलं. लोक हसले. दीर भानावर आला आणि गडबडीत पुढची दोन्ही वाक्यं एकदम बोलून गेला. मग सासू थांबली. पुन्हा विंगेतून वाक्य. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, जरा जोरात सांगा त्यांना." आता मात्र नाट्यगृह हसायला टपूनच बसलं. घरातल्या धाकट्या मुलाच्या मरणाची हकिकत चालू होती आणि लोक डोळे पुसत होते ते हसून हसून. शेठजी पहिल्या रांगेत होते. ते हसत नव्हते, घड्याळ बघत होते.

दुसरा पडदा पडल्यावर मेकअप रूममध्ये दीर कोपऱ्यात तोंड करून बसला होता. आमची नेमकी चूक काय झाली हे कळायलाही थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर तिच्यावर इलाज नव्हता. सवय कुणाला मध्यंतरात मोडता येते? काका आत आले, सगळ्यांकडे एकदा बघून बाहेर गेले. तिसऱ्या अंकाला मी पाहिलं तर संहिता त्यांच्या हातात होती. प्रॉम्प्टर गृहस्थ मागे उभे होते, पडलेल्या चेहऱ्यानं.

तिसरा अंक आम्ही न थांबता रेटला. मीसुद्धा रेटत होते. मला लवकर घरी जायचं होतं, एवढंच डोक्यात होतं. शेवटी ती जागा आली. "विका घर," मी म्हटलं आणि पुढचं लगेच बोलून टाकणार, तोच समोरच्या विंगेत काकांचा हात वर गेलेला दिसला.

हात वर म्हणजे थांबा. इतक्या दिवसांची सवय, मी थांबले. तोफ नाही हे कळत होतं तरी थांबले. चेहरा चालू ठेवला. त्या बाईला घराबद्दल जे काही वाटत असेल ते वाटत राहिलं, मग त्यातलं एकेक कमी होत गेलं आणि शेवटी फक्त दमणूक उरली. काकांचा हात वरच. मागे कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच गप्प झालं. कुणी खोकलं नाही. मी किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. हात खाली आला तेव्हा मी म्हटलं, "मला विचारू नका." टाळी पडली नाही. पण हसलंही कुणी नाही.

नाटक अंतिम फेरीत गेलं नाही, हे सांगायलाच नको. अभिनयाचं प्रमाणपत्र मात्र मला मिळालं. परीक्षकांनी बाकी नाटकाची सालटी काढली आणि तिसऱ्या अंकातल्या त्या स्तब्धतेबद्दल दोन चांगले शब्द लिहिले. त्यांच्यापैकी एक जण मुंबईच्या टीव्ही केंद्रासाठी लेखन करत. त्यांनी मला बोलावून घेतलं.

मंडळ मोडलं. शेठजींनी बोलल्याप्रमाणे हॉलमध्ये कापडाचे गठ्ठे भरले. दीर झालेला नट एकदा बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "बाई, थांबलो सगळेच. आमचं हसं झालं, तुमचं कौतुक झालं." तो चिडून बोलला नव्हता, त्यानं नुसतं होतं ते सांगितलं. मला ते लागलं, कारण ते खरंच होतं. माझा थांबण्याशी संबंध एवढाच, की एका बहिऱ्या माणसानं चुकून हात वर केला. मी माझ्यापुरतं असं ठरवून टाकलं, की नाट्यगृहाबाहेरून एखादा ट्रक गेला असेल, पायाखालचं स्टेज हललं असेल आणि काकांना तोफ वाटली असेल. दुसरं कारण मला सुचलं नाही.

टीव्हीच्या स्टुडिओत पहिल्या दिवशी मी अजिबात गांगरले नाही, याचं तिथे सगळ्यांना नवल वाटलं. त्यात नवल कसलं? कॅमेऱ्याशेजारी फ्लोअर मॅनेजर उभा असायचा. त्याचा हात वर असेपर्यंत गप्प राहायचं आणि हात खाली आला की बोलायचं. मुरलेले नट त्या हाताला बिचकत, वाक्य आधीच सुरू करत. मला तर घरी आल्यासारखं वाटलं. कॅमेरा तोंडाजवळ येतो, आवाज चढवायची सोय नाही, म्हणजे तिथेही "मला दिसू दे" हाच प्रकार. काम मिळत गेलं. आधी शाळेतून रजा काढून जायची, नंतर दर आठवड्याची मालिका आली तेव्हा शाळा सोडली.

गंमत म्हणजे त्या काळात नाशकात टीव्ही दिसत नव्हता. मुंबईत लोक वळून बघायचे, एखादी बाई हात धरून बोलायची, आणि संध्याकाळी पॅसेंजरनं देवळालीला उतरले की मी कुणीच नव्हते. टांगेवाला नेहमीसारखी घासाघीस करायचा. ही व्यवस्था मला फार आवडायची. माणसाचं नाव एका गावात असावं आणि घर दुसऱ्या गावात.

ऐंशीच्या दशकात टीव्ही नाशकात पोचला आणि ती सोय गेली. भाजीवाली म्हणाली, "बाई, काल तुमी रडल्या आन आमची म्हातारी जेवलीच नाय." नाशकातल्या द्वारका चौकात रिक्षावाल्यानं आरशातून तीनतीनदा बघितलं आणि उतरताना म्हणाला, "टीव्हीत जरा उंच दिसता." लग्नकार्यात मला पहिल्या पंगतीला बसवायला लागले. माझा नवरा, ज्याच्या शिफ्टवर अर्ध्या जिल्ह्याचे दिवे चालत, तो पत्रावळ शोधत मागे उभा. त्याला त्याचं काही नव्हतं. तो म्हणायचा, "तू ती मध्येच थांबतेस ना, तेवढ्यात एखाद्या दिवशी लाइट जाईल आणि लोक मला धरतील."

तेव्हाच सत्कार सुरू झाले. सत्कारात काहीतरी बोलावं लागतं. मी ट्रकची गोष्ट सांगायची. बहिरे हवालदार, देवळालीच्या तोफा, स्पर्धेतली फजिती आणि शेवटी ट्रक. ती सांगायला लागले की सभागृह हातात यायचं. सांगण्यामागे माझा हेतू साधा होता. लोक डोक्यावर घेत होते, त्यांना मी सांगत होते की बाबांनो, हे सगळं एका ट्रकमुळे झालंय. मला वाटायचं, हा प्रामाणिकपणा आहे.

मग कॅम्पात सत्कार ठरला, आणि तोही त्याच हॉलमध्ये. शेठजींचं दुकान नाशकात गेलं होतं, त्यांच्या मुलानं हॉल दुरुस्त करून कार्यक्रमांना भाड्यानं द्यायला काढला होता. वरचे पत्रे नवे होते, खाली लाकडी फळ्यांच्या जागी फरशी. हवालदारकाकांना कुणीतरी आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. पांढरा सदरा, टोपी, हातात काठी. फार वाळले होते. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. बोलणं काही झालं नाही, फोटोवाले घाई करत होते.

भाषणाला उभी राहिले. काका समोर असताना ती गोष्ट सांगावी की नाही, असं क्षणभर मनात आलं. पण लोकांना तीच ऐकायची होती, एकानं तर बसल्या जागेवरून "तोफ, तोफ" म्हणून फर्माईश केली. आणि काकांना ऐकू येत नव्हतं. मी सांगितली. हॉल खदखदून हसला. काकाही हसत होते.

कार्यक्रम झाल्यावर त्यांनी मला खूण करून बोलावलं. "घरी चल. च्या घे," म्हणाले. घर जवळच होतं. काकू गेल्याला दोन-तीन वर्षं झाली होती, काकांनी स्वतःच स्टोव्ह पेटवला. मी आपली इकडचं तिकडचं हातवारे करून विचारत होते, तब्येत, मुलगा, पेन्शन. त्यांनी माझ्या हातात कप दिला आणि समोर पाटावर बसले.

"ट्रकची गोष्ट चांगली सांगतेस," ते म्हणाले.

मी कप खाली ठेवला. या माणसानं सारं नाटक आमच्या ओठांवरून वाचलं होतं, आणि मी त्यांच्यासमोर, पहिल्या रांगेपुढे, अगदी स्पष्ट उच्चारांत ती गोष्ट सांगितली होती. मला फार लाज वाटली.

"राग नाय आला," ते म्हणाले. "लोकं हसली, बरं वाटलं. पण ताई, मी तोफखान्यात जन्म घालवला. ट्रक आन तोफ मला कळत नाय व्हय?"

मी मोठ्यानं, ओठ नीट हलवत विचारलं, "मग हात कशाला वर केलात?"

काकांनी चहाचा घोट घेतला. त्यांना घाई नव्हती.

"नाटक दुसऱ्या अंकातच गेलं व्हतं. लोकं हसताना मला दिसत व्हती. शेठ घड्याळाकडं बघत व्हता, ते पण दिसलं. हॉल गेला, मंडळ गेलं, समदं कळलं. पायाखाली कायबी हललं नाय त्या दिवशी, तुमी उगाच थांबत व्हता, ते बी कळलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तिसऱ्या अंकात तू पळत सुटली. म्हणलं, समदं गेलंय तर एक तरी जागा नीट होऊ दे. म्हणून हात वर केला. तुझा चेहरा चालू व्हता तवर वर धरला. संपला तवा खाली केला."

मी विचारलं, "इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं कुठं? तू कामाला लागलीस, मी टीव्हीत बघतो तुला. नीट थांबतेस."

म्हणजे ट्रक गेलाच नव्हता. जो प्रवेश मी आजवर योगायोगाच्या नावावर टाकला होता, तो एका माणसानं विंगेत अनवाणी उभं राहून केला होता, आणि माझ्याकडून करून घेतला होता. त्याचा हॉल, त्याचं मंडळ, त्याच्या संध्याकाळी डोळ्यांदेखत जात असताना केला होता. मला काहीतरी बोलायचं होतं. आभार मानायचे होते, ती गोष्ट परत कधी सांगणार नाही असं म्हणायचं होतं, आणखीही बरंच काही. मी तोंड उघडलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि गुडघ्यावरचा उजवा हात वर केला. मी थांबले. ते बघत राहिले, मी बघू दिलं. दूर कुठेतरी शाळेची घंटा झाली, स्टोव्हचा वास खोलीभर होता. बऱ्याच वेळानं त्यांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, "च्या गार होतोय."